सर्वाधिक वेळा मेलेली खेळाडू

माझ्या भाचीच्या, सायलीच्या, व्हिडिओ गेमचा अंतिम सामना बघायला गेलो आणि घसा तिथेच ठेवून आलो. पाच विरुद्ध पाच, समोरच्याचा किल्ला पाडायचा, मेलं तर थोड्या वेळानं पुन्हा जिवंत होऊन लढायचं, एवढाच खेळ. पण अटीतटी अशी, की सभागृहातल्या पंख्यांनीही श्वास रोखला होता. शेवटी दोन्ही किल्ले एकेका घावावर आले. समोरचे पाचही जण सायलीच्या संघातल्या रोहनवर तुटून पडले, तेवढ्यात सायली मधे घुसली, सगळे वार अंगावर घेतले आणि मेली. रोहन सुटला, त्याने किल्ला पाडला.

"रोहन! एकट्यानं सामना फिरवला!" निवेदक किंचाळला.

एकट्यानं? माझं डोकं असं तापलं, की त्यावर चहा उकळला असता.

"अहो, ती मेली म्हणून तो जगला!"

"काका, बसा," शेजारचा तरुण म्हणाला. "सपोर्टवाल्यांचं, म्हणजे साथीदाराला वाचवणाऱ्यांचं, कामच असतं मरायचं."

कामच! पंगतीत वाढणाऱ्याचं कौतुक होतं. भट्टीपुढे भाजून निघालेल्या आचाऱ्याचं नाव कुणी विचारतं का? इथे तर त्याहून कहर. मोठ्या पडद्यावर आकडे झळकले: सर्वाधिक वेळा मेलेली खेळाडू, सायली. लोक हसले! ढालीवरचे घाव मोजून ढालीलाच नापास करणारी ही माणसं!

तणतणत मी सायलीपाशी गेलो. ती पडद्याकडेच बघत होती.

"मामा, शेवटच्या वेळी मी मुद्दाम मेले. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं!" मी गरजलो. रोहनसाठीच्या टाळ्या त्या आवाजाखाली दबल्या, हे मी शपथेवर सांगतो.