रामाजींनी ताणलेली क्लच वायर

काही ढिलं दिसलं की रामाजींचे हात शिवशिवत. उमेदीची वर्षं गेली ती कापडाच्या मिलमध्ये, धागा गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. तिथे धागा सैल पडला की एकतर गुंततो नाहीतर तुटतो, आणि दोन्हींचा दोष माणसावर येतो. मिल सुटली तरी हे तत्त्व त्यांनी सोडलं नाही. पाचपावलीतल्या आमच्या गल्लीत खाटांच्या नवारी ते कोणी न सांगता आवळून देत. त्यांनी आवळलेल्या खाटेवर झोपलेला माणूस सकाळी फरशीवरून उठल्यासारखा उठे. पण उन्हाळ्यात सारी गल्ली अंगणात झोपायची, त्यामुळे कण्हायचं तरी कुठे जाऊन, हा प्रश्नच होता. त्यांच्या पत्नी प्रयागबाई म्हणत, "यायच्या हाती पाना नोका देऊ बापा. आभाळ आवळून ठेवतीन."

ऐंशी साली अधिक महिना ऐन ज्येष्ठात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, अनारसे द्यायचे, वाण द्यायचं. रामाजींचा जावई मधुकर हिंगण्याला एका कारखान्यात फिटर होता, अजून कायम व्हायचा होता. त्या महिन्याअखेर काहीजणांना कायम करणार होते, आणि फोरमननं त्याचं नाव धरलं होतं.

"जेवलो का दुपारपाळीले निघतो, मामाजी," त्यानं मोटारसायकल अंगणात लावता लावताच सांगितलं. "हा महिना उशीर झाला तं चालत नाही."

रामाजींची मुलगी जया मागच्या सीटवरून उतरत म्हणाली, "यायचं लगन आता घड्याळाशी लागलं, बाबा. मी आपली करवली."

धोंड्याच्या दिवशी जावयानं सासुरवाडीत काडी इकडची तिकडे करायची नसते. मधुकर नियमाप्रमाणे जेवला, नियमाबाहेर वाढलेलंही जेवला, आणि वाळ्याच्या ताटीमागे आडवा झाला. गाडी उन्हात तापत राहिली. तापलेल्या सीटवर जावयानं बसावं, हे रामाजींना बघवेना. त्यांनी ती ढकलत लिंबाच्या सावलीत नेली. ताटीवर मारलेलं पाणी वाहून त्याच सावलीत मुरलं होतं. स्टँड चिखलात रुतला आणि गाडी शांतपणे, जणू तीही जेवूनच आली होती, डाव्या अंगावर आडवी झाली. क्लचचं लिव्हर मुळाशी तुटलं.

इथे एक हाक पुरली असती. 'जवाईबापू, गाडी पाडली म्या.' मधुकर स्वतः फिटर, हसून उठला असता. पण ज्या जावयाचे पाटावर बसवून पाय धुतले, त्यालाच तासाभरानं तुमची गाडी मोडली म्हणायचं, हे रामाजींच्या तोंडून निघेना. त्यांनी सायकल काढली आणि भर उन्हात चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून लिव्हर आणलं. एक नव्हे, दोन आणली, ब्रेकचंही. एक चकचकीत नि एक जुनाट दिसलं तर कोणीही विचारेल, आणि जोडी नवी असली की प्रश्न पडत नाही. खोटेपणातही मोजूनमापून काम करणारा हा माणूस होता.

पाना त्यांनी गाडीच्याच टूलबॉक्समधून घेतला. दोन्ही लिव्हर छान बसली. क्लचची वायर नव्या लिव्हरला अडकवली तर ती सैल लोंबू लागली, कारण बाजारातलं लिव्हर कंपनीच्या मापाचं नव्हतं. रामाजींनी लिव्हरपाशी असलेला ताण द्यायचा स्क्रू फिरवायला घेतला. वायर सरळ झाली तरी लिव्हर दाबायला सुरुवात केली की थोडं पोकळ लागत होतं. कोणताही मेकॅनिक इथे थांबतो. नाण्याच्या जाडीएवढी ती ढील ठेवावीच लागते, नाहीतर क्लचच्या प्लेटा एकमेकींना पुरत्या भिडत नाहीत. इंजिन ओरडत राहतं आणि चाक ऐकत नाही. पण रामाजींना ती ढील खात्यातल्या सैल धाग्यासारखी दिसली. त्यांनी ती काढून टाकली. मग वरचा नट असा आवळला की हातानं फिरू नये. मग समाधानानं पाना बंडीच्या खिशात टाकला.

निघायच्या वेळी पहिल्यांदा जयाचं लक्ष गेलं.

"अवो माय! बाबानं वाणात लिव्हर देल्ले!"

प्रयागबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वाणाचं धोतर आणि तांब्याचं ताट सकाळीच देऊन झालं होतं.

"काहून जी, मले सांगतलं नाही?"

"जुने बरे दिसत नव्हते," रामाजी म्हणाले. हे वाक्य खरं करायला त्यांना फार काही करावं लागलं नाही. नुसतं पुढे बोलायचं नाही, एवढंच.

मधुकरनं वाणाला हात जोडले, सासऱ्याच्या पाया पडला आणि क्लच दाबून पाहिला. फिटरच्या बोटांना पहिल्या दाबातच कळलं असणार.  पण दिलेलं वाण देणाऱ्यासमोर उघडून, त्यात खोट काढून, पुन्हा ढिलं करायला घ्यायचं, अशी रीत कुठेच नाही.

"लई छान बसवले, मामाजी."

"कुठंच ढील ठेवली नाही."

"दिसते ना," मधुकर म्हणाला.

इंजिन आधी गल्लीबाहेर गेलं, गाडी मागून गेली. तो आवाज चौकापर्यंत रामाजींनी ऐकला आणि त्यांना काही बरं वाटेना. संध्याकाळी बंडी काढताना खिशातून पाना पडला, तेव्हा तर मुळीच वाटेना.

दुसऱ्या दिवशी पाना द्यायचं निमित्त करून ते हिंगणा रोडला जयाच्या खोलीवर गेले. त्या दिवसापासून मधुकरची सकाळपाळी होती, तो कामावर गेला होता. जयानं दारातच सांगितलं.

"रेल्वेपुलाच्या चढावर गाडी बसली, बाबा. क्लच जळल्याचा वास सुटला. तार ढिली कराले पाना पाहातो तं डब्यात पानाच नाही. मले रिक्षात बसवलं अन् ते उन्हात गाडी लोटत गेले. पाळी लागून गेली होती."

"अन् नाव?"

"काय माहीत. ते काही बोलत नाहीत. तुमचं तं नावच काढत नाहीत."

हे शेवटचं तिनं नवऱ्याचं कौतुक करावं तसं सांगितलं होतं. रामाजींना ते लागलं. ते तिथून थेट कारखान्याच्या गेटवर गेले आणि पाळी सुटायच्या वेळी, डोक्यावर टोपी, हातात पाना, असे उभे राहिले. फोरमन मनोहरराव सायकल हातात धरून बाहेर आले, मागून मधुकर आला. रामाजींनी भर गर्दीत हात जोडले.

"साहेब, कालचा उशीर माह्यापायी झाला. गाडी म्या पाडली, लिव्हर म्या बसवले, क्लच वायर म्या ताणली. जवायाची काही चूक नाही."

मनोहरराव म्हणाले, "क्लच वायर? यानं तं पंक्चर सांगतलं मले."

 मधुकर आपल्या चपलांकडे पाहत होता. वाण बिघडलं हे कारण पाळीवर देण्यापेक्षा त्यानं पंक्चर बरं मानलं होतं. त्यात सासरा येत नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "काय गा मधुकर, फिटर तू अन् क्लच तुहा सासरा सेट करते?" गर्दी मोकळी झाली ती हसूनच.

"पंक्चर कोणाचंबी होते," मनोहरराव मधुकरला म्हणाले. "मी यादीतून नाव काढलं नव्हतं तुहं. पण माह्या तोंडावर खोटं बोलला तू, अन् आता साऱ्या पाळीनं ऐकलं. या खेपेले माह्याच्यानं सही होणार नाही." ते सायकलवर बसले आणि गेले.

रामाजींचे हात अजून जोडलेलेच होते, मध्ये पाना. मधुकरनं तो हलकेच काढून घेतला.

"घरी जा, मामाजी. ऊन लागन."

मधुकर पुढच्या खेपेला कायम झाला. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. त्यानं राग धरला असता तर रामाजींचं काहीतरी भागलं असतं, पण तो सणावाराला पूर्वीसारखाच येत राहिला, पाया पडत राहिला. फक्त गाडी आणत नसे.

निदान तसं दिसे. त्या दिवाळीत रामाजी ओट्यावर बसलेले असताना चौकातून इंजिनचा आवाज आला आणि पीठगिरणीपाशी बंद झाला. तो आवाज त्यांनी हजारांतून ओळखला असता. थोड्या वेळानं मधुकर आणि जया पायी गल्लीत शिरले.

"बसनं आले काय, जवाईबापू?"

"हो, मामाजी."

"गर्दी असन."

"नाही, बसाले जागा भेटली."

रामाजींनी मान हलवली. जावयाच्या उजव्या मुठीत गाडीची किल्ली होती. त्यानं मूठ उघडली नाही, आणि पाट मांडेपर्यंत रामाजींनी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही.