एसीतलं बाळंतपण

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत शेजारी राहणारे काका खारींना 'बाया' म्हणतात. या बायांनी त्यांची टोमॅटोची रोपं मोडली, वॉशिंग मशीनचा पाइप कुरतडला. रोज सकाळी काका बाल्कनीत ताट बडवतात आणि ओरडतात, "लई माजल्यात! ह्यास्नी खायला घालणारा एकदा घावू दे!"

"खरंय, काका," मी आमच्या बाल्कनीतून म्हणतो आणि आत जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत शेंगदाणे ठेवतो. भूतदया म्हणून सुरू केलं होतं. आता सांगायची हिंमत नाही.

मे महिन्यात काका दुपारचे पेपर घेऊन आमच्या हॉलमध्ये बसायला लागले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"काका, एसी बिघडला का?"

"बिघडतोय कशाचा! बाहेरच्या डब्यात बाई बाळंत झालीया. चालू केला तर पिल्लं पंख्यात जातील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कमिटीत बोलू नका हं. खारींची तक्रार मीच दिलीया."

कबुली अगदी ओठांवर आली होती. पण गार वाऱ्यात काकांचे डोळे मिटत चालले होते. मी रिमोट उचलला आणि एसी आणखी दोन डिग्री खाली आणला. प्रायश्चित्त म्हणून मला तेवढंच जमलं.