आबांच्या वहाणा आणि मस्कतची केळी

आमच्या घरातल्या पहिल्या वेबसाइटचं वजन मी स्वतः केलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही राहायला जळगावात, शेती चोपड्याकडे, आणि शेतात बारा एकर केळी कापणीला आलेली. त्या वर्षी इथल्या व्यापाऱ्यांनी आमच्या मालाला नाकं मुरडली म्हणून माझं डोकं फिरलं होतं. मी मुंबईच्या एका शेठचा पत्ता काढला. ते आखातात केळी पाठवत. शेठ फोनवर म्हणाले, "वहिनी, मस्कतच्या पार्टीला वेबसाइट पाहिजे. आधी मी बघतो. सोमवारी अकरा वाजता. पसंत पडली तर कंटेनर लावतो."

सोमवार आठ दिवसांवर होता. केळी त्यानंतर फार तर आठवडाभर थांबणार होती. केळ्याला 'जरा दम धर' सांगता येत नाही.

वेबसाइट करणार कोण, हा प्रश्न नव्हता. माझा धाकटा दीर किशोर धुळ्याला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. प्रश्न होता ती कशात करायची. किशोर रविवारी आला आणि जावा, फ्रेम, एचटीएमएल असं काहीबाही बोलू लागला. मी त्याला थांबवलं, वही काढली आणि रकाने आखले. (माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते. कुलपांची आहे, लोणच्याच्या बरण्यांची आहे, कोण कधी रुसलं याचीही आहे.)

"जावा म्हणजे काय मिळतं?"

"पानावर पाणी हलताना दिसतं, वहिनी."

"आपण केळी विकतोय. खोडलं."

"फ्रेम?"

"फ्रेम फोटोला असते. खोडलं."

अशा रीतीने साधं एचटीएमएल पास झालं. इथपर्यंत मी बरोबर होते, हे किशोरही मान्य करतो. मग फोटोंचा रकाना आला.

"फोटो जेपीजी ठेवू," किशोर म्हणाला. "नाहीतर बीएमपी असतं, पण ते जड."

"किती जड?"

"जेपीजी साठ केबी. तोच फोटो बीएमपीत दोन हजार तीनशे."

मी पेन खाली ठेवलं. साठ आणि दोन हजार तीनशे. आमच्या घरात तीन पिढ्या घड काट्यावर चढवून मोठ्या झाल्या. बारका घड समोर आला की आमच्याकडे लहान पोरही तोंड फिरवतं. आणि हा माझा सख्खा दीर मस्कतच्या पार्टीपुढे साठचा माल ठेवायला निघाला होता.

"किशोर, शेठला पहिल्यांदा माल दाखवतोय, आणि हलका?"

"वहिनी, इथे हलकंच चांगलं असतं."

"तुझ्या दादांना विचार. हलका घड कोण उचलतं?"

हे पेपर वाचत होते. "कोणी नाही," म्हणाले. (तेवढाच सल्ला त्यांनी त्या आठवड्यात दिला.)

मी बीएमपीपुढे लाल शाईने बरोबरची खूण केली. किशोर काहीतरी पुटपुटला. स्पष्ट बोलला असता तर पुढचं टळलं असतं, म्हणून त्याचा राग मला अजून आहे.

फोटोंचा क्रम मी लग्नपत्रिकेप्रमाणे लावला. आधी सासरे म्हणजे आबा, मग सासूबाई, मग तीन भाऊ, मग तीन सुना, मग केळी. एक नाव मागेपुढे झालं की आमच्याकडे दोन वर्षं कोणी कोणाच्या हातचं पाणी पीत नाही. आबांनी नव्या वहाणा घालून उभ्याने फोटो काढून घेतला.

शनिवारी आम्ही जीप करून धुळ्याला पाहणीला गेलो. पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हा आबांनी चहावाल्यालाही सांगितलं की उद्या-परवा ते मस्कतला दिसणार आहेत. क्लासमधल्या कॉम्प्युटरवर किशोरने बटण दाबलं आणि क्षणात आबा हजर झाले.

"बठ्ठा शेत," म्हणजे सगळे आहेत, असं आबा खूश होऊन म्हणाले. "पन केया कोठे शेत?"

"केळी खाली आहेत, आबा. मोठी माणसं आधी."

"हाऊ, ते बराबर शे."

"वहिनी, हे इथल्या इथे आहे म्हणून लवकर आलं," किशोर म्हणाला. "फोनच्या तारेवरून..."

"किशोर, आलेलं दिसतंय ना? मग रडू नकोस."

सोमवारी सव्वाअकराला शेठचा फोन आला.

"वहिनी, मला वहाणा दिसतायत."

"कसल्या वहाणा?"

"ते तुम्हाला माहीत. दोन वहाणा आहेत आणि वर सगळं पांढरं आहे."

(बीएमपी फोटो खालून वर भरत येतो, हे किशोरने मला नंतर सांगितलं. नंतर!)

"आमचे आबा आहेत ते. येतील वर."

आबा शेजारीच बसले होते. "वहाना दिसन्यात का? नव्या शेत. दिसू दे त्याले."

साडेअकराला शेठ म्हणाले, धोतर लागलं. पाऊण वाजता म्हणाले, लाइन कटली, पुन्हा वहाणांपासून सुरू. मी धुळ्याला फोन लावून किशोरला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "वहिनी, लाल खूण तुमची आहे." मी फोन आपटला. दीड वाजता शेठचा शेवटचा फोन आला.

"वहिनी, आता धोतराच्या काठापर्यंत आलोय. सकाळपासून आमचा दुसरा फोन यात अडकलाय. आम्ही केळी घेतो, वहाणा नाही. जय श्रीकृष्ण."

मी वही उघडली आणि कोणामुळे घात झाला याची यादी केली. पहिला किशोर, कारण तो पुटपुटला. मग फोनची लाइन. मग आबा, कारण बसून फोटो काढला असता तर उंची तरी कमी झाली असती. मग हे, कारण ते 'कोणी नाही' म्हणाले. रात्री ती वाचून दाखवायला ह्यांना हाक मारली, तर हे घरात नव्हते. शेतावरून एक घड उतरवून आणला होता, फण्या खोक्यात भरल्या होत्या, आणि खोकं घेऊन ते संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघूनही गेले होते. मला न विचारता. ह्या प्रवासाची यादीसुद्धा कोणी केली नाही, म्हणून त्यांच्या नावापुढे मी आणखी एक फुली मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आबांनी उचलला आणि शेठचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू जावा म्हणून रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"आबा, केळी पास. शुक्रवारी कंटेनर लावतो," शेठ म्हणाले. "तुमचे चिरंजीव इथेच बसलेत, चहा घेतायत. फक्त मेहेरबानी करून ती वेबसाइट बंद करा. एवढा जड माल निवडला कोणी?"

आबांनी छाती फुगवली.

"मनी मोठी सूननी. एकेक फोटो तोलीसन निवडा तिनी. देऊ का फोन तिले?"

आणि त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे धरला. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या की मी घरी नाही, धुळ्याला गेलेय, बोलवू नका. मग स्वयंपाकघरात गेले, तिथून कोठीत गेले, कोठीतून परत आले.

घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी माझ्याकडे होती. लपायला जागा कुठे आहे, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं.