अकरा नावांचा झेंडा

ओमानमधल्या अल् खुवैरच्या दोन खोल्यांच्या घरात चंद्रहासरावांनी एकतीस वर्षांत एकच चैन केली. देशोदेशींच्या सैनिकांच्या वस्तू जमवल्या. त्यातला सगळ्यात जिवाभावाचा होता एक स्पॅनिश झेंडा, हातरुमालाएवढा, लाल-पिवळा. कुण्या शिपायाने तो लेबनॉनमध्ये सहा महिने खिशात बाळगला होता आणि घरी परतताना सोबत्यांच्या सह्या त्यावर घेतल्या होत्या. अकरा नावं. पत्नी नूतनताई होत्या तेव्हा म्हणायच्या, "परक्याच्या रुमालाला कपाटात मानाची जागा, आणि माझी पैठणी ट्रंकेत!" त्या गेल्याला सहा वर्षं झाली. आता पैठणीही त्याच कपाटात होती.

नोव्हेंबरअखेर नोकरी संपत होती, व्हिसाही. जाताना आपणही अशी नावं घेऊन जावीत, असं त्यांच्या मनाने घेतलं. राष्ट्रीय दिन तोंडावर आलेला, रुवीच्या बाजारात दुकानोदुकानी ओमानी झेंडे. त्यांनी एक छोटासा आणला आणि ऑफिसात चहाच्या टेबलावर पसरून शेजारी पेन ठेवलं.

पहिला आला जमाल, रत्नागिरीचा, वीस वर्षांपासून ऑफिसचा ड्रायव्हर. त्याने पेन झटकन उचलून घेतलं.

"काय करता काय, भाऊ? ह्याच्यावर लिवायचं नाय! ह्यांच्या देशाचा झेंडा हाय. जाता जाता भलतंच लफडं व्हायचं."

चंद्रहासराव ओशाळले. एवढी वर्षं इथे काढून हे आपल्याला सुचू नये? त्यांनी झेंड्याची नीट घडी घातली आणि पिशवीतून डब्याचा रुमाल काढला. नूतनताईंनी शिवलेला, पांढरा, कोपऱ्यात हळदीचा डाग.

तो रुमाल पेनासह दिवसभर टेबलावर होता. शिरीष, अजिंक्य ही जुनी माणसं केव्हाच इथून गेलेली. नवी मुलं "ऑल द बेस्ट, अंकल" म्हणत येत, रुमालावरच कप ठेवत आणि फोन बघत निघून जात. सही करा, असं सांगायला चंद्रहासरावांची जीभ उचलेना. मागून घेतलेलं नाव काय कामाचं?

पाच वाजता जमाल गाडीची किल्ली फिरवत आला. रुमालावर चहाची दोन वर्तुळं होती, नाव एकही नव्हतं. त्याने किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "यल्ला, चला, पेन द्या."

वाकून, जीभ दातांत धरून, त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत आपलं नाव लिहिलं.

"अरे, एवढं मोठं?"

"मग? बारीक लिवलं तर बाकी रुमाल रिकामा दिसेल ना, भाऊ."