अण्णांची किळस

माझे सासरे, अण्णा, पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरत आणि मगच ओठाला लावत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची नखं बघून त्यांनी जिलबी परत पाठवलेली मी पाहिली आहे. "शी! ओंगळ लेकाचे!" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासणीच्या कामावर होते. खोट शोधायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. फक्त स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. भरलेलं ताट बाहेर येई, रिकामं आत जाई.

एके दिवशी सासूबाई ओट्यापाशी ओल्या फरशीवर घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मी सुट्टी काढून खराडीहून पोचले, तेव्हा अण्णा चहासाठी साखर शोधत होते. त्यांनी ओट्याखालचं कपाट उघडलं आणि मागे सरले. आतली फळी काळी पडून फुगली होती. कुजलेल्या कांद्यांचं पाणी पिशवीतून ओघळलं होतं. झुरळं सैरावैरा पळाली. डब्यांच्या झाकणांवर तेलाचा चिकट थर, त्यावर धूळ.

"या उकिरड्यातून मी जेवत होतो?" अण्णा ओरडले. "अगं, लाज कशी वाटली नाही तुला?"

सासूबाई खाटेवरूनच, आवाज न चढवता म्हणाल्या, "तिथलं दिसायला वाकावं लागतं. माझे गुडघे वाकत नाहीत. पाइप गळतोय, प्लंबरला बोलवा, म्हणून सांगून थकले. तुम्ही म्हणायचात, नळाला पाणी येतंय ना, मग झालं. त्याच पाण्यावरून पडले मी."

अण्णा मोरीकडे गेले. ओकारीचा आवाज आला. मग तोंड धुऊन, नाकाला रुमाल बांधून ते मला म्हणाले, "बादली आण."

आम्ही सगळं बाहेर काढलं. जाळी धरलेले तांदूळ, खवट दाणे, तळाला बुरशी आलेलं लोणचं. प्रत्येक डब्याला अण्णांची "शी!" होती, पण सासूबाईंना त्यांनी पुन्हा दोष दिला नाही.

प्लंबर येऊन गेला. मग अण्णांनी डबे घासून उंचीप्रमाणे ओळीत लावले आणि सासूबाईंना अभिमानाने बोलावलं.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "दुकान काढताय का? फोडणी करपायच्या आत मोहरी कुठे शोधू मी?"

अण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मग तू इथे उभी राहा. नुसता हात पुढे कर. जिथे पोचेल तिथे मी खूण करतो."

सासूबाई डावा हात पुढे करत लटका स्वयंपाक करू लागल्या. अण्णा खडूने भिंतीवर खुणा करत होते. त्या खुणांवरून सुताराने खोल कपाटांच्या जागी बाहेर ओढता येणारे कप्पे केले. चहा-साखर गॅसजवळ आली, जड कुकर कमरेच्या उंचीला, सणासुदीची भांडी वर. रंगाने चिकटून बसलेली खिडकी उघडली. भिंतीला सासूबाईंनी लिंबासारखा पिवळा रंग निवडला. अण्णांना तो भडक वाटला. तोच दिला.

दिवाळीत अण्णांची बहीण आली. "वहिनी, किती सुरेख ठेवलंयस गं स्वयंपाकघर!" ती म्हणाली.

"आधी यायचं होतंस," अण्णा ताडकन म्हणाले. "उकिरडा होता. माझ्यामुळे. आयुष्यभर जगाची नखं बघत हिंडलो आणि ही इथे त्या घाणीत उभी होती. मला माझीच किळस येते."

मला कुठे बघावं कळेना. सासूबाईंनी मेथीची जुडी अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "येऊ दे किळस. तोवर ही निवडा."

अण्णांनी पहिलीच काडी उचलली. "शी! केवढी माती ही!"

"मातीतच उगवते ती, अहो."

पुढे अण्णा अंथरुणाला खिळेपर्यंत घरातली पालेभाजी तेच निवडत राहिले, पानापानाला नाक मुरडत.