खालाच्या मातीनंतर निवडलेला विषय

आमच्या सुपारीच्या वाडीला लागून गलबत चालवणाऱ्या एका मुसलमान तांडेलाचं घर होतं. त्याच्या बायकोला आम्ही मुलं खाला, म्हणजे मावशी, म्हणत असू. मी तान्हा असताना आई विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा खालाने आपल्या मुलाबरोबर मलाही अंगावर पाजलं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे.

मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात खाला वारली. मी तिच्या मातीला निघालो, तर आप्पा दारात आडवे उभे.

"तिकडे जायचं नाही. गाव काय म्हणेल?"

"तिचं दूध चाललं, मग खांदा का चालत नाही?"

वडिलांशी मी असं कधीच बोललो नव्हतो. ते हलले नाहीत. मी मागच्या अंगणातून गडग्यावरून उडी मारून गेलो.

कब्रस्तानात लोक रांगा करून उभे राहिले, प्रार्थना सुरू झाली. मला एक अक्षर कळेना. हात जोडावेत की बांधावेत, तेही कळेना, म्हणून मी कडेला थांबलो. परतताना तिचा मुलगा म्हणाला, "लांब कशाला राह्यलास? एका आईचं दूध प्यायलो, आमच्या धर्मात तू माझा भाऊ लागतोस. माझ्या बहिणीशी तुझं लगीनसुद्धा होत न्हाय."

जन्मभर ज्या नात्यात मी होतो, ते मला आज कळत होतं. मला राग आला, तो माझ्या घराचा.

मुंबईच्या कॉलेजात धर्मांच्या अभ्यासाचा एक ऐच्छिक वर्ग होता. मी त्यात नाव घातलं. माझ्या वकिलीची स्वप्नं बघणारे आप्पा बोटीने मुंबईला आले.

"बाटायचंय का तुला?"

"नाही."

"मग त्यांचे ग्रंथ कशाला?"

"तिच्यासाठी काय म्हटलं गेलं ते समजून घ्यायला. आपलेही वाचणार आहे. तिच्या मातीला जाऊ नये असं कुठे लिहिलंय, ते बघायचंय."

आप्पा संध्याकाळच्या बोटीने परत गेले. वसतिगृहातली मुलं मला मौलवी म्हणू लागली. मीही त्या नावाला ओ देऊ लागलो.

त्या प्रार्थनेचा अर्थ वर्गात कळला. हजर असलेल्यांसाठी आणि नसलेल्यांसाठी, सगळ्यांसाठीच त्या प्रार्थनेत क्षमा मागितलेली असते. सुट्टीत घरी जेवताना मी तो अर्थ आप्पांना सांगितला. त्यांनी मान खाली घालून ऐकला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी हा विषय सोड."

"सोडणार नाही," मी म्हटलं, आणि ताक मागून घेतलं.