बुखाऱ्याच्या वाटेवरची कपाशी

ज्या गावात आपलं कोणी नाही त्या गावाला जायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. तो उझबेकिस्तानलाही लागू होता.

रशिया फुटून तिकडे नवे देश झाले, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. जळगाव भागातल्या काही जिनिंगवाल्यांनी तिथला कापूस बघायला जायचं ठरवलं. त्यात माझे थोरले भाऊ नाना होते. एरंडोलला त्यांची शेती आणि लहानसं जिनिंग. सोबत इंग्रजी येणारा कोणी हवा म्हणून त्यांनी मला घेतलं (तिथं इंग्रजी कोणालाच येत नाही, हे विमानातून उतरल्यावर कळलं!). मी जळगावला शाळेत इतिहास शिकवायचो. वहिनी म्हणाल्या, "कपाशी देखाले परदेशमा कसाले जावो? मी बांधवर जास." मग त्यांच्या जागी आमची मोठी बहीण, शिरपूरची अक्का, निघाली.

ताश्कंदची कामं आटोपली की बाकीची मंडळी परतणार होती. आम्हा तिघांना मात्र एक गाडी आणि मोडकं हिंदी बोलणारा दुभाष्या घेऊन दोन जुनी शहरं पाहता येणार होती. समरकंद, बुखारा आणि खिवा, यांतली कोणतीही दोन. निवड आमची.

मला बुखारा पाहायचं होतं. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, पण बुखारा. कितीतरी वर्षं मी तिथला मनोरा खडूने फळ्यावर काढत आलो होतो आणि मुलांना त्याच्या गोष्टी रंगवून सांगत होतो. प्रत्यक्षात पाहिला नव्हता. मास्तरकीच्या पगारात पुन्हा इतक्या लांब येणं होणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

निघण्याआधी नानांच्या ओसरीवर बैठक बसली. समरकंद लगेच मंजूर झालं, कारण शिरपूरच्या एका डॉक्टरांचा भाचा तिथं डॉक्टरकी शिकत होता. अक्काने त्याच्यासाठी शेवेचा डबाही भरून ठेवला होता. मग मी हळूच बुखाऱ्याचं नाव काढलं.

"तठे आपलं कोन शे?" अक्का म्हणाली.

"कोणी नाही. पण हजार वर्षांचं गाव आहे, अक्का."

"हजार वरीसमा आपलं एक मानूस तठे गयं नही, मंग आपन कसाले जावो? उतरसूत कोठे?"

"हॉटेलात."

"हाटेल म्हंजे काय आपलं घर शे?"

खिव्यातही आपलं कोणी नव्हतं, त्यामुळे एकच गाव बघून परत फिरायची चिन्हं दिसू लागली. मग मी अक्कल लढवली. नकाशावर बोट ठेवून म्हणालो, "नाना, समरकंद ते बुखारा, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सगळी कपाशी आहे म्हणतात."

नाना सरसावून बसले. "बठ्ठी?"

"बठ्ठी."

बुखारा मंजूर झालं. त्या रात्री मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो.

समरकंदला भाच्याच्या दाराला कुलूप होतं. अक्काने डबा शेजारणीच्या हवाली केला. पण त्या निळ्या घुमटांपुढे आम्ही उभे राहिलो. पदर सावरत मान वर करून अक्का म्हणाली, "आभाळ खाले उतारी लिधं हाई लोकेस्नी." समरकंद असं, तर बुखारा कसं असेल, म्हणून मला रात्रभर झोप नाही.

सकाळी निघालो. दुपारपर्यंत पोचायचं, दिवेलागणीपर्यंत फिरायचं, मग रेल्वेने ताश्कंद, असा बेत होता. गाव सुटलं आणि कपाशी सुरू झाली. पांढरीशुभ्र, फुटलेली, क्षितिजापर्यंत.

"गाडी थांबाड," नाना म्हणाले.

खान्देशी शेतकऱ्याला फुटलेलं बोंड दिसलं की हात शिवशिवतोच. नानांनी बोंडातला कापूस चिमटीत घेतला, दोन्ही अंगठ्यांनी ओढून धाग्याची लांबी पाहिली आणि मान हलवली. पुढच्या शेताशी पुन्हा उतरले. त्याच्या पुढच्या शेताशीही. मी घड्याळ दाखवत होतो. नाना मला धागा दाखवत होते.

चौथ्या शेतात वेचणी चालू होती. नाना "राम राम" म्हणाले, म्हाताऱ्या शेतकऱ्याने छातीवर हात ठेवून मान लववली, आणि ओळखपाळख संपली. चहा आला, गोल रोट्या आल्या, खरबुजं कापली. बायकांनी कमरेला फडकं बांधून वेचणी धरली होती. त्यांचा संथ हात अक्काला बघवेना. तिने पदराची ओटी केली आणि दोन्ही हातांनी अशी वेचू लागली, की त्या बायका आपलं काम सोडून तिच्याकडे पाहत राहिल्या. मग हसल्या, मग तिच्याबरोबर वेचू लागल्या. अक्काला त्या मुलुखात आपलं माणूस सापडलं होतं.

"अक्का, बुखारा!" मी ओरडलो. कोणी ऐकेना. म्हणून तिला ओढून आणायला मी ओळीत शिरलो. जाता जाता एक बोंड वेचलं, सहज. धागा खरंच लांब होता. मग दुसरं वेचलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. नानांची हाक आली तेव्हा अक्का केव्हाची गाडीत बसली होती.

"मास्तर, चाल आते. तुनं बुखारा ऱ्हाई जाई."

"एवढी ओळ व्हऊ द्या, नाना," मी म्हणालो. (शाळेत मी शुद्ध बोलतो.)

बुखाऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि दुभाष्या रेल्वेची घाई करत होता. मनोऱ्याच्या पायथ्याशी जेमतेम उभं राहता आलं. वर पाहिलं तर मान मोडेपर्यंत वीटच वीट, आणि अगदी वरच्या कडेला शेवटचं ऊन. माझ्या फळ्यावरचा मनोरा याच्यापुढे जिनिंगचं धुराडं होता. डोळे भरून आले.

"मास्तर, सांग ना, हाई कोनी बांधं?" नानांनी विचारलं. सगळं तोंडपाठ होतं, पण मी वरच्या कडेचं ऊनच बोटाने दाखवत राहिलो.

परत आल्यावर शाळेत माझं बुखाऱ्यावर भाषण ठेवलं. मी तासभर बोललो, फळा चित्रांनी भरून गेला. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला, "सर, तो मनोरा कसा आहे?"

"उंच आहे," मी म्हणालो, आणि खडू घेऊन फळ्यावर पुन्हा बोंड काढू लागलो.